दोन पट्ट्यांच्या मधात

लोहाऱ्यात माझा स्टुडिओ हाये. मी राजदीप. डोकं गरम अन् तोंड त्याहून गरम, असं सारं यवतमाळ सांगते, अन् खोटं नाई सांगत. पण सत्यभामामावशीपुढं माझं तोंड जे बंद झालं, ते पह्यल्यांदाच.

मावशी म्हणजे बाभुळगावची भीमगीतं गाणारी बाई. वय अडुसष्ट. एक जमाना होता, पेटीच्या काळी पाचात, चढ्या पट्टीत गाये अन् मंडपातलं माणूस जागचं हलत नसे. तीन वर्षांआधी घशाचं ऑपरेशन झालं अन् जयंतीच्या कमिटीनं तिले बोलावणंच सोडलं. "गळा गेला बाईचा," म्हणत लोक. यंदा कमिटीचा अश्वजित म्हणे, एक गाणं रेकॉर्ड करून पाठवा, मग पाहू. मावशीले एकदा तरी पुन्हा त्या स्टेजवर बसाचं होतं. बस, एवढंच.

आपली पेटी घेऊन आली. आता पांढरी पाचात गाते, पह्यलेपेक्षा खाली अन् सावकाश. मी रेकॉर्ड केलं, तिथंच आयकवलं, बरोबर वाटलं. फाइल अश्वजितले पाठवली. दहा मिनिटांत त्याचा फोन. "राजदीपभाऊ, मावशी तं जवान झाली ना. नाव पक्कं समजा."

मावशी खुशीत एसटीनं घरी गेली. मग मी फाइल मोबाइलवर लावली. गाणं पळून राह्यलं होतं, आवाज चढला होता. चूक माझीच. परवा एका ऑर्केस्ट्राचा मिक्सर माझ्या ऑडिओ इंटरफेसले, माइकचा आवाज कॉम्प्युटरात नेणाऱ्या डब्याले, जोडलता. तवा इंटरफेसले सांगून ठेवलतं, की आवाज मोजाचं क्लॉक आपलं नको पाहू, मिक्सरचं पाय. मिक्सर जोडलेलाच होता, अन् ते तसंच राहून गेलं. कॉम्प्युटर समजे, सेकंदाले आवाजाचे अठ्ठेचाळीस हजार तुकडे येऊन राह्यले. मिक्सरच्या क्लॉकवर येत होते चव्वेचाळीस हजार शंभर. स्टुडिओत त्याच क्लॉकवर वाजे म्हणून कळलं नाई. दुसरीकडं लावलं की तेच तुकडे भराभर वाजत, आवाज वर अन् चाल जोरात.

आता खरं सांगतो, मी गप बसलो. मनात म्हटलं, बाईचं भलं होऊन राह्यलं, तुले कायले खाज?

तिसऱ्या दिवशी मावशी पेटी घेऊन हजर. अश्वजितनं गाणं ग्रुपवर टाकलतं, ते नातीनं तिले मोबाइलवर आयकवलतं. "हे पाय," म्हणून तिनं मोबाइल पेटीवर ठेवला अन् गाण्यासंगं पट्टी शोधू लागली. काळी चार दाबली, तं गाणं तिच्या वर. पांढरी सहा दाबली, तं गाणं तिच्या खाली.

"दोहीच्या मधात हाये. तिथं पट्टीच नसते, बाबू. एक वेळ माझा गळा खोटं बोलन, माझी पेटी कशी बोलन?"

कोणतं मीटर नाई, मशीन नाई. दोन पट्ट्यांत पकडलं मले. मी सारं कबूल केलं. वाटलं, आता शिव्या देते. ती म्हणे, "दुरुस्त कर अन् खरं वालं पाठव."

"मावशी, मग नाई बोलावणार ते."

"नाई तं नाई. तिथं बसाचं मले हाये, का तुह्या मशीनले?"

मी इंटरफेसले त्याच्या स्वतःच्या क्लॉकवर आणलं, फाइलवर चव्वेचाळीस हजार शंभर हा खरा आकडा टाकला अन् पाठवली. अश्वजितचा फोन आला. "भाऊ, पह्यलं वालंच भारी होतं. हे उतरलं हाये."

मावशीनं फोन माझ्या हातातून घेतला. "उतरलंच हाये, अश्वजित. पह्यलं माझं नव्हतंच. हे आयक."

फोन समोर ठेवला, पांढरी पाच धरली अन् गायली. एवढे गाणारे या खोलीत येऊन गेले, पण असं मी कधी आयकलं नव्हतं. जिथं गळा वर जात नव्हता, तिथं तिनं ओढाताण केली नाई. खालीच थांबली अन् शब्द असा ठेवला, की मले माझीच लाज वाटली. या बाईले मी खोट्या जवानीनं वाचवाले निघालो होतो.

गाणं संपलं.

मग अश्वजित हळूच बोलला, "मावशी, चौदा तारखेले पेटीवाला पाहू का, का तुम्हीच वाजवसान?"

"मीच वाजवतो," मावशी म्हणाली, अन् पेटीवर डोकं टेकवून रडली. मीही रडलो.