साबणाने घासलेला तवा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी तवा आहे, खोलगट आणि लांब दांड्याचा. ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या डोंगरात एका ओढ्याकाठी पाण्यावर चालणाऱ्या घणाने मला घडवले. फेफीने मला घेतले ते तिच्या लग्नाच्या वर्षी. दर उन्हाळ्यात ती आणि तिचा नवरा क्विरिन गाई घेऊन वरच्या कुरणातल्या लाकडी झोपडीत राहायला जात. मी क्विरिनच्या पाठीवरच्या पाटीत उपडा बसून जाई. वर ढग इतके खाली उतरत, की सकाळी गाई दिसत नसत, नुसत्या घंटा चालत.

त्या ढगांतून भिजलेले वाटसरू येत आणि फेफी त्यांच्यासाठी श्मारन करी. दूध, पीठ आणि अंड्यांचे बलक कालवायचे, पांढरे वेगळे फेसून त्यात मिसळायचे, तुपावर जाडसर ओतायचे. खालून सोनेरी झाले की उलटायचे आणि दोन काट्यांनी माझ्यातच फाडून त्याचे तुकडे करायचे. वर पिठीसाखर भुरभुरायची.

"बाई, तवा विकता का?" लोक विचारत.

"नवरा घेऊन जा, तवा नाही मिळायचा," ती म्हणे. क्विरिन उगाच टोपी घालून निघाल्यासारखे करी.

तिने मला कधी साबण लावला नाही. भरड मिठाने पुसायची आणि चरबीचा हात फिरवायची. त्याने मी काळा, तुकतुकीत झालो होतो, माझ्यावर काही चिकटत नसे.

गेल्या शरदात फेफी गेली. झोपडी दुसऱ्यांकडे गेली. क्विरिन खाली गावात मुलीकडे, बुर्गीकडे आला आणि मी बटाट्यांच्या खोक्यातून त्याच्यामागे आलो. तो दिवसभर खिडकीशी बसे. सूप पुढे ठेवले की चमचा फिरवी आणि म्हणे, "नंतर." त्याचे कपडे त्याच्या अंगावर मोठे दिसू लागले. डॉक्टरांनी बुर्गीला बाजूला घेऊन सांगितले, हे असे चालणार नाही.

एका रविवारी तिने मला खोक्यातून काढले. आईची वस्तू स्वच्छ असावी, म्हणून साबण आणि तारेची घासणी घेऊन तिने मला तासभर घासले. मी राखाडी, उघडा पडलो. मग तिने पीठ ओतले आणि मी ते धरून ठेवले. सोडता येईना. अर्धे तिच्या कालथ्यावर आले, अर्धे माझ्यावर करपले. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला लाज अशी तेव्हाच वाटली.

वासाने क्विरिन खिडकीपासून उठला.

"काय जाळतेस?"

"आईचं श्मारन. चिकटलं."

त्याने वाकून पाहिले. "साबण लावलास?"

"हो मग! केवढा काळा होता, बाबा."

"तुझ्या आईनं तीस वर्षं राखलेलं काळं तू एका सकाळी सिंकमध्ये सोडलंस."

बुर्गी हळूच म्हणाली, "टाकून देऊ?"

"तव्याला का टाकतेस? अंडी किती उरलीत?"

"चार."

"मग रडू नकोस, पांढरं फेस. त्यात पाणी पडलं तर फुगत नाही."

त्याने बाह्या सरसावल्या. बटाट्याच्या साली, मीठ आणि चरबी माझ्यात घालून धूर निघेपर्यंत परतली. धुराने दोघे खोकले. मला मात्र ढगात शिरल्यासारखे वाटले. दुसऱ्या खेपेला पीठ फुगले, उलटले, फाटले. एका जागी तेवढे लागले.

"इथे जरा धरलं," बुर्गी म्हणाली.

"धरू दे. खरवड मला ठेव."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिले.

मला टेबलावर ठेवून ते माझ्यातच खाऊ लागले. आमच्याकडे तशीच रीत. ज्याने त्याने आपल्या बाजूचे खायचे, दुसऱ्याच्या बाजूला चमचा न्यायचा नाही. बुर्गी लहान असल्यापासून माझ्या तीन बाजू होत्या. दोघांनी आपापल्या संपवल्या. तिसरी तशीच राहिली. दोन्ही चमचे थांबले. वाफ निवत गेली.

मग क्विरिनने चमच्याने त्या तिसऱ्या बाजूच्या मधोमध रेघ ओढली.

"तुझ्याकडचं तू संपव," तो म्हणाला, "माझ्याकडचं मी खातो."

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे काळे पडलेले भांडे असेल. त्याला घासणी लावण्याआधी घरातल्या कुणाला तरी विचारा. ते सांगणारे माणूस समोर बसलेले आहे, तोवर विचारा.