वरची बेल

चिरंजीवांची ऑनलाइन मीटिंग रंगात आली की नेमकी वरच्या मजल्यावरची बेल वाजायची. आईचं एक अंग लुळं पडलं तेव्हा त्यांनीच ती हौसेने बसवली होती. आईच्या उशाशी बटण, जुन्या राउटरला जोडलेली छोटी पेटी. बटण दाबलं की नवराबायको दोघांचे फोन टुणटुणायचे. सुरुवातीला चिरंजीव धावत वर जात. मग चालत जाऊ लागले. मग बायकोकडे बघू लागले, आणि बायको छताकडे.

घरभर वायफाय पोचावं म्हणून त्यांनी मेश घेतला, तीन पांढऱ्या डब्यांचा. बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने विचारलं, "अ‍ॅक्सेस पॉइंट मोड ठेवू की राउटर मोड?"

"फरक काय?"

"अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये कारभार जुन्या राउटरकडेच राहतो, डबे नुसती रेंज वाढवतात. राउटर मोडमध्ये डब्यांचं वेगळं नेटवर्क होतं. मुलांचं नेट ठरल्या वेळी बंद करता येतं. पण जुन्या राउटरवर काही जोडलेलं असेल, तर त्याचा निरोप तुमच्या फोनवर येणार नाही."

पदराला हात पुसत बायको पुढे आली. "म्हणजे वरची बेल?"

"वाजणार नाही. पण सोपं आहे हो, पेटी नव्या डब्याला जोडायची आणि वर जाऊन एकदा बटण तपासायचं."

नवराबायकोची नजरानजर झाली. एरवी भाजी कोणती करायची यावरही त्यांचं एकमत होत नसे.

"राहू द्या," ती म्हणाली. "आईंचा आत्ताच डोळा लागलाय."

वरून आवाज आला, "कोण आलंय रे?"

तंत्रज्ञ जिन्याकडे बघत राहिला. चिरंजीव खाकरले. "राउटर मोडच करा. मुलांचं फार झालंय हल्ली." त्यांची एकुलती एक मुलगी केव्हाची वसतिगृहात राहत होती.

"बटणाचा हिरवा दिवा मात्र लागेल," तंत्रज्ञ हळूच म्हणाला. "तो पेटीवरून लागतो. आजींना वाटेल, वाजली."

"लागू दे की. तेवढाच तिला आधार."

घरात शांतता नांदू लागली. आईला वारा लागू नये म्हणून वरचं दारही ओढून घेतलं गेलं. जेवणाचं ताट मात्र वेळेवर जाई. माणुसकी म्हणून काही असतं की नाही?

एके दुपारी वर रेंज किती येते ते बघायला चिरंजीव फोन हातात धरून जिना चढले. दार उघडताच वास आला. अंथरूण ओलं होतं, आणि चालत्या हाताने आईने त्यावर चादर ओढून घेतली होती. अंगठा बटणावर होता. दिवा हिरवागार.

"दाबलं आणि आलास बघ!" तिचा चेहरा उजळला. "इतके दिवस वाटायचं, ऐकू येऊनही येत नाही तुम्ही. उगाच शंका घेतली रे."

चिरंजीवांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून. ती गिळायला त्यांना फार वेळ लागला नाही.

"वाजली म्हणून तर आलो," ते म्हणाले.

"काम सोडून आलास ना? आता अगदी अडलं तरच दाबीन."

"हिला पाठवतो," म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

खाली बायकोने विचारलं, "वर कशी येते रेंज?"

"फुल," चिरंजीव म्हणाले आणि मीटिंगला बसले.