दीक्षाचं गवत

पोरगी काय काम करते असं कोणी विचारलं, की प्रेमानंद मेश्राम 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढं सांगून मोकळा व्हायचा. खरं सांगायची सोयच नव्हती. दीक्षा हैदराबादला बसून गवत उगवायची. शेतातलं नव्हे, खेळातलं. कॉम्प्युटरवर पोरं लढायाबिढायांचे खेळ खेळतात, तसला एक खेळ तिची कंपनी बनवत होती, आणि त्यातलं गवत, झुडपं, रानफुलं हे सगळं खातं तिच्याकडे होतं. प्रेमानंद नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात कामाला. कंपनीच्या बसमध्ये एकदा त्यानं भोळेपणानं हे सांगितलं, तर मागच्या सीटवरून आवाज आला, "मंग पेंडी काय भावानं जाते गा?" सगळी बस हसली. त्या दिवसापासून पोरगी कॉम्प्युटरमध्ये होती.

घरातही बोलायचं काय, हा प्रश्नच होता. संध्याकाळी तिचा फोन यायचा. जेवली का? हाव. ऊन कसं आहे तिकडं? आहे तसंच. मग प्रेमानंदचे शब्द संपायचे आणि फोन बायकोच्या, मायाच्या हाती जायचा. दीक्षा दसऱ्याला आली होती ती उभ्या उभ्या, आणि यंदा तर चौदा एप्रिलच्या जयंतीलाही आली नाही. आठवण येते म्हणायची बापमाणसाला लाज. पण तिच्या कामातलं काही आपल्याला विचारता आलं, तर पोरगी चार वाक्यं जास्त बोलेल, असं त्याला मनापासून वाटायचं. त्याला दुसरं काही नको होतं.

मार्चमध्ये तो खेळ बाजारात आला. दीक्षानं एक प्रत बाबांच्या नावानं पाठवली. घरचा कॉम्प्युटर तिच्या कॉलेजच्या दिवसांतला. खेळ सुरू करावा, की पडदा काळा व्हायचा आणि सगळं बंद पडायचं.

"बाबा, त्याच्यावर नाही चालणार ते," ती म्हणाली. "ग्राफिक कार्ड लागते त्याले. राहू द्या ना, मोबाइलवर व्हिडिओ पाहा."

पाहिले. दर व्हिडिओत कोणी तरी पोरगा तलवार घेऊन बोंबलत पळत होता. गवत कुठं आहे हे बघेपर्यंत गडी पुढच्या डोंगरावर. असलं पाहणं म्हणजे लग्नाला जाऊन मांडवाच्या बाहेरूनच परत यायचं. प्रेमानंदनं ठरवलं, कार्ड आणायचं.

पैसे होते ते कूलरसाठी ठेवलेले. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरचे पैसे मोडणं म्हणजे घरात भांडण विकत आणणं, आणि ते आलंच.

"काहून हो, यंदा बी त्याच खटाऱ्यात पाणी ओतायचं का?" माया म्हणाली.

"एक उन्हाळा काढू ना वं."

माया फुरंगटून आत गेली. भाजी चिरून झाल्यावर बाहेर येऊन म्हणाली, "मले बी पाहायचं आहे."

शनिवारी दोघं मोटारसायकलवर बर्डीच्या बाजारात निघाले. कॉम्प्युटरचा डबा मायाच्या मांडीवर, दुपट्ट्यात गुंडाळलेला. सिग्नलवर लोक वाकून पाहत होते आणि ती लेकराला ऊन लागू नये तसा दुपट्टा ओढून घेत होती.

दुकानदार मुकुंद तरणा होता, पण माणूस सरळ. त्यानं डबा उघडला, धूळ फुंकली आणि नव्या कार्डाची किंमत सांगितली. नाकापेक्षा मोती जड! त्या पैशात दोन कूलर आले असते.

"मग जुनं घ्या काका," मुकुंद म्हणाला. "पण जुन्यात पाहून घ्यावं लागते. काही लोकं कार्ड दिवसरात्र तापवतात आणि पुसून विकतात. हे तसं नाही, कॉलेजच्या पोराचं आहे."

प्रेमानंदनं कार्ड नाकाशी धरून वास घेतला. त्यातलं त्याला काही कळत नव्हतं, पण आंबा असो की मोटार, वास घेतल्याशिवाय त्यानं आजवर काही विकत घेतलं नव्हतं. मग मुकुंदनं दुसरी गोम सांगितली. कार्डाला वीज जास्त लागते, तेव्हा डब्यातला पॉवर सप्लायही बदलावा लागणार. हिशेब पुन्हा बसेना. शेवटी कार्ड एक पायरी खालचं घेतलं.

"चिंता नोको करा. यातच पळवून देतो तुमचा खेळ," मुकुंद म्हणाला. त्यानं दुकानातच खेळ उतरवला आणि बराच वेळ खटखट करून काय काय कमीजास्त केलं. "आता पाहा. सेकंदाला साठ चित्रं काढते हे कार्ड. जितकी जास्त चित्रं, तितकं चालणं गुळगुळीत. घोडा आहे, घोडा!"

रविवारी दुपारी पडदे ओढून दोघं बसले. कूलरचं तोंड माणसांकडे नव्हतं, कॉम्प्युटरकडे होतं. कार्डाला गरम नको व्हायला. प्रेमानंद घामाघूम होऊन माऊस सरकवत होता आणि त्याचा शिपाई भिंतींना धडका देत होता. पण डोंगर दिसला, नदी दिसली, पडका किल्ला दिसला, आणि सगळं लोण्यासारखं सरकत होतं. त्याला राहवेना. त्यानं फोन लावून स्पीकरवर टाकला.

"दीक्षा, तुझा खेळ पाहून राहिलो आम्ही!"

"कोणाकडे?"

"घरी! कार्ड टाकलं आपल्या कॉम्प्युटरमध्ये."

"खरंच बाबा?" तिचा आवाज एकदम शाळेतल्या पोरीसारखा झाला. "मग नदीपलीकडचा माळ पाहिला? तो माझा आहे. पुरा माझा."

प्रेमानंद त्याच माळावर उभा होता. समोर तपकिरी जमीन, सारवल्यासारखी सपाट. हेच असेल बुवा, त्याला वाटलं. पोरीचं मन कशाला मोडा.

"पाहिला ना. लई मस्त आहे."

"आणि गवत?"

"गवत तर... एकदम हिरवंगार."



"ते हिरवं नाही बाबा. वाळलेलं आहे, सोन्यासारखं." मग ती हसल्यासारखं करून म्हणाली, "दुकानवाल्यानं गवत बंद केलं असन. गवत काढलं की खेळ पळते. सगळे तेच करतात. सगळ्यात पहिले गवतच बंद करतात."

दोन वर्षं पोरगी ज्याच्यापायी घरी धड राहिली नाही, ते लोक एका बोटानं बंद करतात. आणि बसमधल्या हसण्याला भिऊन त्यानं तरी दुसरं काय केलं होतं?

"कुठून सुरू होते ते, सांग."

"नका करू बाबा. लहान कार्ड आहे. जागचं हलणार नाही."

"मले कुठं पळायचं आहे?" प्रेमानंद म्हणाला.

ती सांगत गेली, तो दाबत गेला. पडदा गोठला. डब्यातला पंखा गिरणीसारखा घोंगावू लागला. आणि मग चित्र आलं. कंबरभर गवत, नदीपासून डोंगरापर्यंत, पिकलेल्या गव्हाच्या रंगाचं. मध्ये मध्ये जांभळी बारीक फुलं. वारा सुटला, पण कार्डाला काही तो झेपेना. गवत वाकायचं, थबकायचं, पुन्हा थोडं वाकायचं.

"अवं माय!" माया खुर्चीवरून उठली. "हे सारं तुनं केलं?"

"पहिली काडी हातानं केली आई. कितीदा खोडली, कितीदा केली. वाऱ्यात आधी शेंडा लवला पाहिजे, बूड मागून. ते जमतच नव्हतं. शेवटी पारशिवनीला मावशीकडं बांधावर बसायचो ना, ते आठवून आठवून केलं." दीक्षा बोलत राहिली. कुसळं कशी केली, फुलांना जांभळा रंग का दिला, साहेबानं काय नाकारलं. प्रेमानंदनं एवढं बोलताना तिला कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. त्याला हवं होतं ते मिळालं होतं, आणि तरी त्याला तिची अशी आठवण येऊ लागली, की फोनमधला तिचा आवाजही पुरेना.

मायानं फोन तोंडाजवळ घेतला. "घरी कधी येशीन वं?"

"सध्या जमत नाही आई. दुसऱ्या भागाचं काम लागलं."

"बरं," माया म्हणाली. बरं कसलं आलंय, ते तिघांनाही माहीत होतं.

"थांबा," दीक्षा म्हणाली. "तिथून हलू नका. मी येते."

"कुठं?"

"माळावर. या खेळात कुठूनही येता येते."

दोघं थांबले. प्रेमानंदनं माऊसवरचा हात काढून घेतला, उगाच काही बिघडायला नको. बऱ्याच वेळानं नदीच्या काठाला काही तरी हललं. एक माणूस. तो नदीजवळ दिसला, मग एकदम अलीकडे, मग अजून अलीकडे. मधली पावलं कार्डाला काढता येत नव्हती. गवत दोन्ही बाजूंना सारत तो समोर येऊन उभा राहिला. अंगात चिलखत, डोक्यावर लोखंडी टोप, पाठीला तलवार.

"मी आहे आई," फोनमधून आवाज आला.

माया पडद्याच्या अगदी जवळ गेली. तिनं त्या शिपायाला खालून वर न्याहाळलं.

"काहून वं," ती म्हणाली, "किती वाळली!"

दीक्षा खदखदून हसली. हसतच राहिली, आणि मग ते हसणं कुठं तरी बिनसलं. नाक ओढल्याचा आवाज आला. मायानं पदर डोळ्यांना लावला. पडद्यावर शिपाई उभा होता आणि त्याच्याभोवती गवत थांबत थांबत हलत होतं.

"बंद करा आता बाबा," दीक्षा शेवटी म्हणाली. "जळून जाईल कार्ड."

"जळू दे," प्रेमानंद म्हणाला. "तू उभी राहा थोडी."