कधीच न हसणारा देव

लियाओ महाराजांच्या हॉलात त्या रविवारी सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. बाहेर स्कूटरींची रांग पार पेरूवाल्याच्या गाडीपर्यंत गेलेली. आत उदबत्त्यांचा धूर असा की शेजारी आपली माणसं उभी आहेत की परकी, कळेना. आणि दर दोन मिनिटांनी आरोळी उठत होती, "कौल लागला! देव हो म्हणाला!"

महाराज मखमली खुर्चीत बसून हात वर करून दाखवत होते. "बघा, मी हातसुद्धा लावत नाही! टाकणारे तुम्ही, सांगणारा देव. मी मधला पोस्टमन!"

पोस्टमन म्हणे! पोस्टमन पत्र लिहीत नाही. हा गृहस्थ प्रश्नसुद्धा स्वतःच सांगायचा. "तुम्ही चुकीचं विचाराल, देव रागावेल," असं म्हणायचा.

आमच्या ताइनान शहराकडे देवाला कौल लावायचा तर लाकडाच्या दोन चंद्रकोरी लागतात, आम्ही नुसत्या 'कोरी' म्हणतो. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. प्रश्न सांगून दोन्ही जमिनीवर टाकायच्या. एक सपाट आणि एक फुगीर वर आली की देव 'हो' म्हणाला. दोन्ही फुगीर वर आल्या की 'नाही'. दोन्ही सपाट वर आल्या की देव हसला, म्हणजे 'हा काय प्रश्न झाला, बाई?' आणि ओळीने तीनदा 'हो' आलं की विषय संपला. तोच प्रश्न पुन्हा विचारणं म्हणजे देवाच्या तोंडावर अविश्वास दाखवणं. आमच्यात ते कुणी करत नाही.

या तीनदा 'हो'मध्येच माझी मैत्रीण पेई-शान अडकली होती.

पेई-शान आणि मी, मिन-लू, हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहतो. तिची आई बाजारात भाजलेलं बदक विकते. मी तिला श्यू मावशी म्हणते. सुरी चालवत चालवत तिनं एकटीनं लेकीला कॉलेजपर्यंत आणलं. महिनाभरापूर्वी मावशीची कंबर धरली आणि कुणीतरी तिला महाराजांकडे नेलं. महाराज म्हणाले, देवाला तुझी मुलगी सेवेला हवी आहे, तीन वर्षं. नाहीतर घरावर मोठं संकट आहे. मावशीनं डोळे मिटून कौल टाकला. हो. हो. हो.

मुलगी कशाला हवी होती ते मला विचारा ना! महाराजांचा फोन दिवसभर वाजायचा आणि त्यांना कॉम्प्युटर उघडता येत नव्हता. शिकलेली, सुंदर अक्षराची, फुकट राबणारी मुलगी कुणाला नको असते?

कॉलेज सोडण्याचा अर्ज लिहून झाला होता. तो मावशीच्या पिशवीत होता आणि सोमवारी ऑफिसात द्यायचा होता.

"तू गप्प कशी बसतेस गं?" मी तिला म्हणाले होते. "कांग मॅडमच्या वर्गात सगळ्यात हुशार तू!"

"वर्गात समोर कांग मॅडम असतात. घरी समोर आई रडत असते," ती म्हणाली. "रडणाऱ्या आईला काय सांगू, तुझं अनुमान सदोष आहे?"

कांग मॅडम आम्हाला तर्कविचार शिकवतात. खरं सांगते, हा विषय मी घेतला तो मॅडम कुणाला नापास करत नाहीत असं ऐकलं म्हणून. (अफवा होती.) पण एक तास माझ्या डोक्यात राहिला. मॅडमनी ताप मोजायचं यंत्र आणलं होतं. ते कपाळाला लावलं, ताप नाही. हाताला लावलं, ताप नाही. सगळे खूश. मग त्यांनी ते वाफाळत्या चहात बुडवलं. तरी ताप नाही!

"बिघडलंय!" आम्ही ओरडलो.

"आत्ता कळलं तुम्हाला. आधीची दोन उत्तरं बरोबर होती म्हणून तुम्ही माना डोलावल्या. कुणाच्या 'हो'ची किंमत करायची असेल, तर ज्याचं उत्तर 'नाही' आहे हे पक्कं माहीत आहे, असा प्रश्न त्याला आधी विचारा. ज्याला 'नाही' म्हणताच येत नाही, त्याच्या 'हो'ला काडीची किंमत नाही."

शनिवारी मी एकटीच महाराजांच्या हॉलात जाऊन बसले. मागच्या खांबाला टेकून, सुकवलेले आंबे चघळत, वहीत प्रत्येक कौलाची एक काडी मारत. तीन तासांत बेचाळीस कौल लागले. बेचाळीसच्या बेचाळीस 'हो'! आमच्या गल्लीतल्या जुन्या देवळात माझी आजी साधं 'आज केस कापू का' विचारते तरी देव दोनदा हसतो, एकदा 'नाही' म्हणतो, मग कुठे वाटेवर येतो. इथे तीन तासांत देव एकदाही हसला नव्हता.

मी धावत येऊन पेई-शानपुढे वही धरली. तिनं काड्या पाहिल्या आणि तिच्या डोळ्यांत ती वर्गातली चमक आली. पहिल्या बाकावरची, मला नेहमी चीड आणणारी.

"पण तोच प्रश्न पुन्हा विचारता येत नाही," मी म्हणाले.

"तोच नाही येत," ती म्हणाली. "दुसरा विचारायला कुणी अडवलंय?"

तर रविवार. सेवेत घेण्याचा सोहळा. पेई-शान गुडघ्यांवर बसलेली, मागे मावशी, डोळे पुसत. मावशी गिऱ्हाइकं सोडून तशीच आली होती, पिशवीत अर्ज आणि फडक्यात गुंडाळलेला सुरा घेऊन.

महाराजांनी आवाज चढवला. "विचार, बाळ! देवा, मला सेवेत घेतोस का?"

पेई-शाननं दोन्ही कोरी कपाळाला लावल्या आणि खणखणीत आवाजात विचारलं, "देवा, मी उद्या कॉलेजात परत जाऊ का?"

खट्ट. एक सपाट, एक फुगीर. हो!

हॉलात कुजबुज झाली. तिनं पुन्हा टाकल्या. हो. पुन्हा. हो.

"प्रश्न चुकला!" महाराज खुर्चीतून अर्धे उठले.

"प्रश्न चुकला असेल, महाराज. उत्तर कसं चुकेल? ते तर देवाचं आहे."

मला राहवेना. मी पुढे घुसले, कोरी उचलल्या. "देवा, मी बदक आहे का?"

हो!

एक आजोबा काठी टेकत आले. "अगं पोरी, मला दे. देवा, मी एकोणीस वर्षांचा आहे का?"

हो! आजोबांनी काठी बगलेत मारून केसांवरून हात फिरवला. हॉलात हशा फुटलाच. मग जो तो पुढे यायला लागला. माझा नवरा देखणा आहे का? हो! माझी सासू गोड बोलते का? हो! ती सासू मागेच उभी होती, तिनं पदर नसताना पदर खोचल्यासारखं केलं.

"देव थट्टा करतोय तुमची!" महाराज ओरडले. "पापी लोक आलेत, म्हणून—"

"थांबा," श्यू मावशी म्हणाली.

लोकांनी सरकून तिला वाट करून दिली. ती पुढे आली, कंबर धरून खाली बसली. तिनं कोरी हातात घेतल्या. या वेळी मावशीनं डोळे मिटले नाहीत.

"देवा, या माणसानं मला फसवलं का?"

हो.

"माझ्या लेकीची तीन वर्षं चोरायला निघाला होता का?"

हो.

महाराजांनी कोरींवर झडप घातली. पण पंचवीस वर्षं बदकं कापलेल्या बाईशी हाताच्या चपळाईत कोण जिंकणार? मावशीनं फडकं झटकलं, कोर दगडी पायरीवर ठेवली आणि एकच घाव घातला. लाल रंगाचं लाकूड चिरलं आणि आतून शिशाची गोळी घरंगळत माझ्या चपलेपाशी आली. दुसरीतही गोळी निघाली. एकीत फुगीर पाठीत, दुसरीत सपाट पोटात. जड बाजू खाली बसणार, म्हणून एक कायम सपाट वर आणि दुसरी कायम फुगीर वर. कुणीही टाका, काहीही विचारा, 'हो'! हात न लावण्याचं कौतुक सांगणाऱ्यानं हात आधीच लावून ठेवला होता.

महाराज मागच्या दारानं पळाले. स्कूटर चालू होईना, म्हणून ढकलत पळाले.

हसून हसून माझं पोट दुखलं, पण एक सांगते. त्या हॉलातली माणसं मूर्ख नव्हती. चांगल्या उत्तराला दुसरा प्रश्न विचारायचा नसतो, एवढंच त्यांना लहानपणापासून शिकवलं होतं. विचारा हो! कौल असो, औषध असो, पुढारी असो की आमच्या मॅडम, ज्याचं उत्तर 'नाही' आहे ते एकदा विचारून बघा. खरा असेल तो रागावणार नाही.

परतताना मावशी आमच्या गल्लीतल्या त्याच जुन्या देवळापाशी थांबली. तिथल्या झिजलेल्या कोरी तिनं उचलल्या. सवय कुठे जाते! "देवा, पोरीनं शिकावं ना?"

दोन्ही सपाट वर.

"आई, देव हसला," पेई-शान हळूच म्हणाली. आता ही पुन्हा टाकणार की काय, या धास्तीनं तिनं माझा हात घट्ट धरला.

मावशीनं कोरी जागेवर ठेवल्या. मग तीही हसली.

"हसणारच तो. माझी पोर, तिचं शिक्षण, आणि विचारत बसलेय लाकडाला!" तिनं पिशवीतून अर्ज काढला, चार तुकडे केले आणि म्हणाली, "चल, हॉस्टेलला जा आता. उद्या किती वाजता तास आहे?"