दसरा काढलेली गिरणी

ऑटोतून उतरताउतरताच वर्षाराणीला दिसलं, की गिरणीच्या दारातून गढूळ पाणी नालीत चाललंय. ती पळतच आत शिरली.

गिरणी लख्ख होती. पुरानं आणून टाकलेला चिखल नाही, कुजलेल्या गव्हाचा वास नाही. भिंतींना ताजा चुना. गल्लीतल्या बायका खराटे टेकवून कौतुकाच्या आशेनं तिच्याकडे बघत होत्या आणि मधोमध तिची सासू, शिवकांताबाई, रॉकेलच्या चिंधीनं मोटार पुसत होती.

"आलीस? बघ, दसरा काढला तुझ्या गिरणीचा," सासू म्हणाली. "उद्या घट बसायलेत. असल्या घाणीत देव बसवावं का? समद्याजणी सकाळधरनं राबायल्यात."

घट बसायच्या आधी घरातली चिंधीन् चिंधी धुऊन काढायची, ही तिकडची रीत. पूर आला म्हणून ही रीत मोडेल, तर ती शिवकांताबाई कसली!

वर्षाराणीला ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार कुणावर? सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काडीलाही हात लावू नका, असं विमा एजंटानं तिला बजावलं होतं. तिनं गिरणीला कुलूप घातलं, किल्ली देव्हाऱ्यात ठेवली आणि कारण मात्र घरातसुद्धा सांगितलं नाही. विम्याचा बोभाटा गावभर कशाला, म्हणून. नवरा, मल्लेश, गेल्यावर या गिरणीवरच दोघींची चूल पेटत होती. विमा मिळाला नाही, तर ती पुन्हा सुरू होणं कठीण होतं.

"आत्याबाई, बिलोलीहून सायेब येऊन राहिलेत माझ्या मागंच. त्यायला हाच चिखल दाखवायचा होता. त्याच्यावरच विमा हाय."

सासूच्या हातातली चिंधी थांबली. बायका खराटे उचलून एकेक करून पांगल्या.

साहेब आले. त्यांनी भिंतींवरून नजर फिरवली.

"पाणी कुठवर होतं?"

वर्षाराणीनं छातीशी हात नेला.

"हे तुम्ही म्हणता, बाई. भिंत तर काहीच म्हणत नाही. फोटो?"

"मोबाईल पाण्यातच गेला."

"गावात कुणी काढले असतील?"

"जो तो जीव घेऊन शाळेकडं पळाला, सायेब. फोटो कोण काढंल?"

साहेबांनी मोटारीवर बोट फिरवलं. "ही पुरानं गेली, की आधीच जळलेली होती, मी कसं ठरवू? धुतलं कुणी हे सगळं?"

सासू दाराआडून पुढं झाली. "सायेब, मी..."

"मीच धुतलं," वर्षाराणीनं तिला बोलूच दिलं नाही.

"तुम्हाला तर सांगितलेलं होतं!"

"हाव. चुकलंच माझं."

माणूस वाईट नव्हता. "दिसलं ते लिहितो. पुढचं कंपनीच्या हातात," म्हणून त्यानं गाडीला किक मारली.

गाडी वळणाआड जाईपर्यंत वर्षाराणी रस्त्यावर उभी होती. परत आली, तर सासू नालीतला चिखल ओंजळीनं आणून ओल्या चुन्यावर थापत होती. लुगडं चिखलानं भरलं होतं.

"इथवरच होतं न्हवं गं पाणी? जा, बोलीव त्यायला. लई लांब गेले नसतील."

सकाळपासूनचा राग कुठल्या कुठं गेला. वर्षाराणीला रडू कोसळलं. तिनं बादली ओढली, सासूला दळणाच्या डब्यावर बसवलं आणि तिचं एकेक बोट धुऊन काढू लागली.