गुंजनच्या वाट्याचं

मामाजींची थप्पड अशी बसली की अंकितच्या हातातला पेचकस उडाला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि उघड्या कॅबिनेटच्या आत, मदरबोर्डाला जेमतेम चुकवून पडला.

"अजी मामाजी!" गुंजन ओरडली. "बोर्ड फुटला असता ना आता!"

"अन् माहं बोट?" हिरालालमामांनी रक्तानं माखलेलं बोट वर धरलं. "पत्रा कापल्यावर कडेले कानस मारा लागते का नाई? एवढा घोडा झाला, अजून समजत नाई याले."

मामाजींच्या मुलानं, अंकितनं, गालाला हातसुद्धा लावला नाही. आत हात घालून त्यानं पेचकस काढला, कानस शोधून आणली आणि पत्र्याची कड घासायला बसला. खर्रर्र, खर्रर्र. गुंजनला तो आवाज दातांत जाणवला. तरी ती मजेत होती. आज तिला कशानंच वाईट वाटणार नव्हतं, कारण आज तिचा कॉम्प्युटर उभा राहणार होता.

हे कॅबिनेट बाजारातलं नव्हतंच मुळी. सिंदी मेघेतल्या मामाजींच्या दुकानात पुढं लोखंडी कपाटं आणि कूलर मांडलेले असायचे, आणि मागच्या शेडमध्ये गेट, जिने, खिडक्यांच्या जाळ्या वेल्ड व्हायच्या. तयार कॅबिनेटचे पैसे वाचवले तर तेवढ्यात जरा दमदार ग्राफिक्स कार्ड येतं, असं गुंजनचं डोकं. म्हणून कूलरच्या उरलेल्या पत्र्यातून अंकितनं हा डबा कापला होता. पुढं हवा आत ओढायला दोन गोल भोकं, मागं गरम हवा फेकायला एक, खाली चार भक्कम पाय. गुंजननं त्याचं नाव रणगाडा ठेवलं. कार्ड नागपुरातल्या बंद पडलेल्या एका गेमिंग कॅफेतलं. मॉनिटर दुकानाच्या सीसीटीव्हीचा जुना. प्रोसेसर त्या जातीतला सगळ्यात स्वस्त. रॅम मात्र नवीकोरी आणि भरपूर, कारण थ्रीडीचं काम रॅमशिवाय उपाशी मरतं, हे तिनं मामाजींना इतक्यांदा ऐकवलं होतं की ते झोपेतही म्हणाले असते.

आणि हे सगळं बबनरावांपायी. बबनराव केळझरजवळ मंगल कार्यालय बांधत होते. त्यांना मोठं गेट हवं होतं, दोन्ही दारांवर मोर, वर कमान. पण नागपूरचा एक फॅब्रिकेटर गेट बनवायच्या आधीच ते पडद्यावर चहूबाजूंनी फिरवून दाखवतो म्हणे. तुम्हीही दाखवा, नाहीतर ऑर्डर त्याला. मामाजींचं तोंड उतरलं, तेवढ्यात गुंजन कपाटामागून म्हणाली होती, "मी करून देतो ना! त्यात काय?"

मोर, कमान, सगळं तिनं मैत्रिणीच्या, मंजुषाच्या लॅपटॉपवर बनवलंही. पण गेट फिरवायला गेलं की लॅपटॉप हाय खाऊन बंद पडायचा. म्हणून हा रणगाडा.

दोन वर्षांपूर्वी ती तळेगावहून शिकायला इथं आली, तेव्हा वर्गात हात वर करायलाही घाबरायची. आता ती रस्त्यावरच्या ट्रकवाल्यालाही दरडावायची, "काका, गाडी मांगं घ्या, दुकान झाकून राह्यलं!" ती हसायची खदखदून, बोलायची मध्येच, चुकायची बिनधास्त. या घरात तिला कधी कोणी रागावलं नव्हतं. ती भाची होती, आणि त्यांच्यात भाची देवीच्या जागी. भाचीवर मामानं हात उगारायचा नाही, आवाजही चढवायचा नाही. तसलं पाप हिरालालच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं.

"दादा, आता हळू हं," मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवून ती म्हणाली. "बोर्डाच्या त्रिकोणावर प्रोसेसरचा त्रिकोण. दाबायचा नाई. नुसता ठेवायचा."

वेल्डिंगच्या ठिणग्यांनी अंकितचे हात ठिपकेदार झाले होते. त्या हातांनी त्यानं प्रोसेसर असा ठेवला, जसं झोपलेलं पाखरू ठेवतात. त्याच्या वरचा पंखा बसवला. रॅम कट् करून बसली, खालच्या खाचेत कार्ड बसलं. एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, वायरी त्यानं सुतळीनं बांधून एका कडेला सारल्या, कारण पंख्यात अडकायला नकोत. हे व्हिडिओत नव्हतं.

"वा रे इंजिनेर!" गुंजननं त्याच्या पाठीवर थाप मारली. अंकित कळवळून बाजूला झाला.

"काऊन? काय झालं?"

"काई नाई. तू मॉनिटरची वायर लाव."

ती रणगाड्याच्या मागं गेली, वायर खुपसली आणि टाळी वाजवून परत पुढं आली.

तेवढ्यात मामाजींचा फोन वाजला. बबनराव पवनारपर्यंत आले होते.

"चालू कर," मामाजी म्हणाले.

गुंजननं बटण दाबलं. पुढचे दोन्ही पंखे घुर्रर्र करत फिरले. आत लाल दिवा लागला. ती नाचलीच. मग तिनं मॉनिटरकडं पाहिलं. मॉनिटर काळा.

बंद केला. परत चालू केला. पंखे फिरले. पडदा काळा.

"काय झालं?" मामाजींचा आवाज खाली आला होता. त्यांचा आवाज खाली आला की शेडमधली माणसं हातातलं काम सोडून बाहेर जायची.

"प्रोसेसरच्या पिना वाकल्या असतीन," गुंजन म्हणाली. आणि तिच्या सवयीनं हसून पुढं जोडलं, "दादानं दाबला असन जोरात! हातोडीचा हात आहे ना त्याचा."

एवढंच. गमतीनं.

मामाजींनी कोपऱ्यातली लोखंडी पट्टी उचलली. पहिला फटका अंकितच्या खांद्यावर बसला, दुसरा कोपरावर, आणि कोपराचा आवाज वेगळाच आला, सुकी तुराटी मोडावी तसा. अंकित टेबलाकडं कोलमडला. पण पडता पडता त्यानं अंग मुरडलं, टेबल चुकवलं, आणि कॉम्प्युटरवर न पडता फरशीवर पडला.

"पैसा झाडाले लागते का रे? हां? बबनराव दारात येऊन राह्यला अन् तू पिना वाकवते?"

"म्या दाबला नाई, बाबा."

"मंग काय भुतानं दाबला?"

पट्टी सपकन खाली आली. शर्ट पाठीवर उभा फाटला. त्या फटीतून गुंजनला दिसलं, आत आधीचेच वळ होते. काही निळे, काही पिवळे पडत आलेले. तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायला विसरलेल्या टिकलीसारखं.

मागच्या दारातून शकुंतलामामी आल्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं नाही. गुंजनचं मनगट धरून तिला दाराकडं ओढलं.

"तू आत चाल, बाई. तुले लागन."

"मामी, थांबवा ना त्याईले!"

"कोणं थांबवावं?" मामी हळूच म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं सांगत होत्या. "तुह्यानं स्कूटी पडली, तवा याले मारलं, गाडी काऊन देल्ली म्हणून. तुले मार्क कमी पडले, तवा याले, घरात टीव्ही काऊन लावते म्हणून. तुह्यावर हात उचलता येत नाई ना त्याईले. मंग तुह्या वाटचंही त्याच्याच पाठीवर. तुले मालूम नवतं?"

गुंजनच्या कानात पंख्यांचा घुर्रर्र भरला. तिनं मनगट सोडवून घेतलं.

ती टेबलाकडं धावली. पिना वाकल्या नव्हत्या. दादाच्या हातून वाकूच शकत नव्हत्या, ते तर तिनंच शेजारी उभं राहून पाहिलं होतं. मग काय? तिनं एकेक वायर बोटानं चाचपली. पुढून मागं, वरून खाली. मागून पट्टीचा आवाज येत होता, आणि प्रत्येक फटक्याबरोबर अंकितच्या तोंडून नुसती हवा बाहेर पडत होती.

तिचं बोट मॉनिटरच्या वायरीवर थांबलं.

वायर वरच्या भोकात होती, मदरबोर्डाच्या. पण हा स्वस्तातला प्रोसेसर. चित्र दाखवायची सोय त्यात नसतेच, म्हणूनच तर तो स्वस्त. चित्र येणार ते खालून, कार्डातून. ती वायर दादानं लावली नव्हती.

तिनं वायर उपटली, खाली खुपसली आणि बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा उजळला, आणि त्यावर पांढरी अक्षरं धावू लागली.

"चालू झाला!" मामाजींचा वर गेलेला हात तसाच राहिला. चेहरा लख्ख उजळला. "अरे वा! पाह्यलं का? माही भाची!"

"वायर चुकीची लागलती, मामाजी."

"मी तेच म्हणून राह्यलो, हा भैताड..."

"म्या लावलती."

मामाजींनी वरचा हात खाली घेतला. मग हसले. मोकळं, प्रेमाचं हसले. "होते, बेटा. शिकताना होतेच. त्यात काय?" त्यांनी पट्टी फरशीवर टाकली आणि कपाळाचा घाम पुसला.

गुंजननं खाली वाकून पट्टी उचलली. ती गरम होती. मध्यावर ओलसर काहीतरी होतं. तिनं पट्टी दोन्ही हातांनी मामाजींपुढं धरली.

"मंग मले मारा."

"काय?"

"चूक माही होती ना. स्कूटीचंही राह्यलं. मार्कांचंही राह्यलं. घ्या."

"येडी झाली का? भाचीले कोणी मारते का? नरकात जायचं आहे का मले?"

"घ्या ना, मामाजी."

मामाजी एक पाऊल मागं सरले. पट्टी बघून नव्हे. तिच्या आवाजात हसू नव्हतं, ते ऐकून. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. बबनराव. मामाजींनी दाराकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आवाजात लाडीगोडी आणली.

"बस झालं आता, माय. पाव्हणा दारात आहे. चाल, पाया पडतो तुह्या, मंग तर झालं?"

आणि ते खरंच वाकले. त्या घरात त्यात काही नवल नव्हतं. दर राखीला, दर दिवाळीला ते भाचीच्या पाया पडायचे आणि ती खुदुखुदु हसत उभी राहायची.

गुंजन बाजूला सरकली.

तिच्या मागं, भिंतीला टेकून, अंकित फरशीवर बसला होता. पाय समोर पसरलेले. एकाच पायात चप्पल. कोपर त्यानं दुसऱ्या हातानं धरून ठेवलं होतं.

मामाजींचा हात गुंजनची पावलं होती तिथं जाऊन थांबला. तिथून अंकितचा अनवाणी पाय वीतभर लांब होता. दारात उभ्या मामींनी पदराचं टोक तोंडात धरलं. बाहेर परत हॉर्न वाजला. मामाजी वाकलेलेच होते. त्यांनी मान वर केली नाही, हात मागं घेतला नाही. मग तो हात जरासा, अगदी जरासाच, पुढं सरकला.

अंकितनं मोडकं कोपर तसंच सोडलं आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.