नटावरची रेघ

गाडी सुरू होत नसेल तर तिच्यावर चिडायचं नसतं, आधी ऐकायचं असतं. मास्तर गाडी चालवायला शिकवायचे आणि त्यांचं पहिलं वाक्य हेच असायचं. आसपासच्या निम्म्या लेकीसुना त्यांच्याकडे शिकून आपापल्या वाटेला लागल्या होत्या. एखादी एकटीनं गाडी न्यायला तयार झाली, की मास्तर खाली उतरून गाडीच्या टपावर दोनदा टकटक करायचे. म्हणजे, जा, आता मी बरोबर नाही.

घरात आता ते आणि त्यांची धाकटी लेक, एवढीच दोघं. धाकटी इस्पितळात रक्त तपासायच्या कामावर होती. दूरच्या शहरात त्याच इस्पितळाची नवी शाखा निघत होती आणि तिथली प्रयोगशाळा धाकटीच्या हाती द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. आडवी येत होती ती फक्त गाडी. कडाक्याची थंडी पडली, की सकाळी ती हटकून रुसायची आणि धाकटीला उशीर व्हायचा. शेवटी प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, की जिला सकाळची वेळ सांभाळता येत नाही, तिच्या हाती मी किल्ल्या देणार नाही. आता एकदा जरी उशीर झाला, तरी मी दुसरीचं नाव कळवून टाकीन.

अशा सकाळी मास्तर कानटोपी घालून, हातात पाना घेऊन खाली यायचे. "थंडीत बॅटरी आखडते गं, माझ्या गुडघ्यांसारखी," म्हणायचे. मग बॉनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ काहीबाही करायचे आणि गाडी सुरू व्हायची. धाकटीला वाटायचं, बाबा आहेत म्हणून माझं चाललंय.

पण रोज त्यांना थंडीत काकडत उभं करायचं तिच्या जिवावर यायचं. म्हणून रविवारी, मास्तर दुपारचे झोपलेले असताना, तिनं स्वतःच शोध घ्यायचं ठरवलं. शिकवलं होतं तसंच, एका वेळी एकच गोष्ट. आधी दिवे लावले. ते लख्ख लागले, म्हणजे बॅटरीत जीव होता. तेल पाहिलं, ते थंडीला चालणारं पातळच होतं. मग बॅटरीच्या टोकांवर चढलेली पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुतली, टोकं कोरडी केली आणि तारांचे नट आवळले. आवळलेल्या नटावर खूण करायची, हाही मास्तरांचाच धडा. नटावरून खालच्या पट्टीपर्यंत एक सरळ रेघ ओढायची. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला हे न विचारता कळतं. खडू सापडेना, म्हणून तिनं नखांना लावायच्या लाल रंगानं रेघ ओढली. संशय तिच्या मनातही नव्हता. हात धुतल्यावर टॉवेल घ्यावा, तशी ती सवय होती.

दोन दिवस हवा बरी होती आणि गाडी एका हाकेत सुरू झाली. तिसऱ्या रात्री थंडीनं कहर केला.

सकाळी धाकटीनं सेल्फ मारला. कट्, कट्, आणि पुढे काही नाही. दिवे मात्र लख्ख. तिनं बॉनेट उघडून विजेरी धरली. लाल रेघ तुटली होती. नटावरचा तुकडा एकीकडे, पट्टीवरचा दुसरीकडे. तिनं तार चिमटीत धरली, तर ती सैल दातासारखी हलली.

बंद फाटकाच्या आतली गाडी. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. घरात माणसं दोन, आणि त्यातली एक ती स्वतः.

तिला सगळ्या सकाळी एकदम आठवल्या. त्यांची कानटोपी, ती काळजी, ते गुडघे. आपण धावत जाऊन मोठ्या बाईंसमोर मान खाली घालत होतो, आणि इकडे...

पायऱ्यांवर चपला वाजल्या. मास्तर पाना घेऊन आले. "आजची थंडी भलतीच आहे. सरक, मी बघतो."

ती सरकली नाही. विजेरी नटावर धरून तिनं विचारलं, "बाबा, रेघ तुटली की काय समजायचं?"

"नट फिरला समजायचं," मास्तर सवयीनं म्हणाले. मग त्यांनी वाकून पाहिलं. रात्री ते अंधारात, नुसतं चाचपून नटाला पाना लावायचे. लाल रंग त्यांना आत्ता दिसला.

"थंडीनं फिरतो?"

त्यांनी तोंड उघडलं. थंडीवर, बॅटरीवर, म्हातारपणावर ढकलता आलं असतं. पण शिकणाऱ्यानं प्रश्न विचारल्यावर चुकीचं उत्तर त्यांनी जन्मात दिलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "थंडीनं नट फिरत नाही."

मग खाली बघत म्हणाले, "तू गेलीस, की या घरात कुणाचा आवाज राहणार?"

"थांब म्हणायचं होतंत," धाकटी म्हणाली. "मी भांडले असते, रडले असते. कदाचित थांबलेही असते. तुम्ही मला वेंधळी ठरवलंत, बाबा. माझ्याच नजरेत."

तिनं त्यांच्या हातातला पाना घेतला आणि नट आवळला. "फार पिळू नकोस, आटे जातील," मास्तर पुटपुटले. ती थांबली ती योग्य जागीच. ती जागाही त्यांनीच शिकवली होती, आणि तेच तिला सर्वांत जास्त लागलं.

पाना तिनं परत दिला नाही, आपल्या पिशवीत टाकला. सेल्फ मारताच इंजिन सुरू झालं. वेळ अजून हातात होता. मास्तरांनी फाटक उघडलं आणि ते टपाशी येऊन उभे राहिले. त्यांची बोटं दुमडलेली होती, हात अर्धा वर आला होता.

धाकटीनं आरशात तो हात पाहिला. टकटकीची वाट न बघता तिनं गाडी बाहेर काढली.